डाव्या सीटखालचं पाणी

आमच्या गाडीत पाणी शिरतं हे मला आईच्या पावलांवरून कळलं. आषाढातली संध्याकाळ होती. दिवसभर पडून पाऊस नुकताच थांबला होता. आई अंगणातून आत आली, स्वयंपाकघरात गेली, आणि तिच्यामागे फरशीवर ओल्या पावलांची ओळ उमटली. अंगणात चिखल होता, पण ही पावलं स्वच्छ होती, नुसत्या पाण्याची. मी तिला खुर्चीवर बसवून तळवे पाहिले. खूप वेळ धुणं धुतल्यावर बोटं होतात तसे ते पांढरे पडून सुरकुतले होते.

"कुठं उभी होतीस?" मी विचारलं.

"उभी कुठली? गाडीत बसले होते," ती म्हणाली. "आत थोडं पाणी आहे की."

कोणी पाहुणा येऊन बसलाय हे सांगावं तशा आवाजात तिनं ते सांगितलं. हे थोडं पाणी आठ दिवसांपासून होतं आणि ती रोज त्यात पाय ठेवून बसत होती, हे नंतर विचारून विचारून कळलं.

अप्पांना, माझ्या वडिलांना, जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.

गाडी त्यांची. छोटी, पांढरी. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती घेतली आणि मग बारा वर्षं दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मला मात्र दोनदा शिकवायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा मी भर रस्त्यात गाडी बंद पाडली आणि मागून बस हॉर्न वाजवत राहिली. दुसऱ्या वेळी ते शांतपणे म्हणाले, "तू वाच. चालवायचं माझ्याकडं राहू दे." मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. त्यांचं म्हणणं मला पटलं होतं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी, पोटात जळजळतंय म्हणून, ते स्वतःच गाडी चालवत धारवाडहून हुबळीच्या दवाखान्यात गेले. आई शेजारी बसली होती. तिसऱ्या दिवशी ते गेले. गाडी दवाखान्याच्या आवारातच उभी राहिली होती. तेरावा झाल्यावर हुबळीच्या कमरीपेठेतले मेस्त्री, जे इतकी वर्षं तिची देखभाल करत आले होते, ती घेऊन धारवाडात सप्तापूरला आले, आमच्या अंगणात नेहमीच्या जागी लावली, किल्ली आईच्या हातात दिली आणि चहाही न घेता बसनं परत गेले.

त्या दिवसापासून आई रोज पाचच्या सुमाराला गाडीत जाऊन बसू लागली. डाव्या सीटवर, काचा वर करून. कधी अर्धा तास, कधी दिवेलागणीपर्यंत. घरात ती रडली नाही. भेटायला येणाऱ्यांना चहा द्यायची, अप्पांच्या आजाराची तीच हकिकत त्याच क्रमानं सांगायची. वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहणारे विद्यार्थी जिन्यावरून दिसले की जेवलात काय म्हणून विचारायची. मी कॉलेजातून आले की माझ्याशी भाजीबद्दल बोलायची. बाकीचं सगळं त्या सीटवर. सुरुवातीला मी खिडकीतून एकदोनदा पाहिलं, तेव्हा तिचे ओठ हलत होते. मग मी त्या वेळेला त्या खिडकीशी जायचं बंद केलं.

माझा मोठा भाऊ, अण्णा, पुण्याला असतो. उभी गाडी सडते, विकून टाकू, असं तो पहिल्यापासून म्हणत होता, आणि त्याच्या ओळखीतल्या एकाला ती हवीही होती. पाण्याचं मी त्याला सांगायला नको होतं. पण त्याच आठवड्यात आईला ताप येऊन गेला, आणि हिला मधुमेह आहे, पाय कोरडे ठेवा, असं डॉक्टरांनी मलाच रागावून सांगितलं. मी घाबरून फोन केला. अण्णानं सगळं ऐकून घेतलं आणि गणपतीत येतो, गाडी घेऊन जातो, म्हणाला.

"तिला घरात बसायला जागा नाही काय?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

मग आमच्यात असं ठरलं की गणपतीपर्यंत मी गळती थांबवली, तर वर्षश्राद्ध होईपर्यंत गाडी आईची. नाही थांबली तर त्यानं न्यावी आणि मी मधे पडू नये. दीड महिना हातात होता. मी आयुष्यात कशासाठी भांडले नाही. त्या दीड महिन्यात त्या एका सीटसाठी भांडले असं म्हणता येईल, फक्त समोर पाणी होतं.

ओलाव्याशी माझी ओळख पुस्तकांतून. धारवाडच्या पावसात ग्रंथालयाच्या पश्चिमेच्या भिंतीकडची कपाटं दरवर्षी भिजतात. ओलं पुस्तक उन्हात ठेवायचं नसतं. पानांमध्ये कोरडे कागद घालायचे, पंख्याखाली ठेवायचं, कागद बदलत राहायचं. दुसरं काही येत नसल्यामुळे मी गाडीचंही तेच केलं. नंतर सावकाश वाचू म्हणून अप्पांनी बाजूला ठेवलेल्या कन्नड आणि मराठी वर्तमानपत्रांचा एक गठ्ठा होता. रोज सकाळी मी त्यातली चार-पाच डाव्या सीटच्या पायाशी पसरायची आणि दुसऱ्या सकाळी लगदा झालेली उचलायची. कोणता कोपरा आधी भिजतो ते बघायची. सगळेच भिजलेले असायचे. आई एकदा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "ते पेपर वाचायचे राहिले होते ना?" कोणाचे राहिले होते ते ती बोलली नाही.

मग निळा प्लास्टिकचा कागद आणून मी गाडीवर टाकला आणि चार बाजूंनी विटा ठेवल्या. आईला तो बघवेना. "असं झाकून ठेवू नकोस ग," एवढंच म्हणाली, आणि पाच वाजता विटा बाजूला करून, कागद ओढून आत जाऊन बसली. घरी आले तेव्हा कागद पेरूच्या झाडात अडकला होता. पुन्हा मी तो घातला नाही.

जवळच्या एका गॅरेजवाल्यानं दाराचं रबर बदललं. पाणी आलं. मग तोच परत येऊन पुढच्या काचेभोवती सिलिकॉनची जाड पट्टी फिरवून गेला, आता थेंब येणार नाही म्हणाला. दोन दिवस थेंब आला नाही, कारण दोन दिवस पाऊसच नव्हता. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं पुन्हा लगदा. आईनं न बसण्याचा विषय काढायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी जेवणाचा पाट नेऊन सीटच्या पुढं खाली ठेवला. त्यावर पाय ठेवून ती बसायची. पाटाखाली पाणी. गाडीत आता वासही यायला लागला होता, बंद कपाटातल्या बुरशीचा. सीटच्या पट्ट्यावर हिरवट डाग पडले.

कमरीपेठेतल्या मेस्त्रींना मी बोलावलं नव्हतं. किल्ली देताना ते सांगून गेले होते, "महिन्यातून एकदा तरी कुणाला बोलावून सुरू करा." आम्ही एकदाही केली नव्हती. बॅटरी केव्हाच मेली होती. त्यांच्यासमोर उभं राहायची मला लाज वाटत होती. पण गणपतीला चार आठवडे उरले, तेव्हा मी फोन केला. रविवारी सकाळी ते बसनं आले, हातात एक कापडी पिशवी. साठी उलटलेले, बुटके, डोळ्यांवर जाड चष्मा.

त्यांनी आधी दार उघडलंच नाही. गाडीभोवती एक फेरी मारली आणि सिलिकॉनच्या पट्टीपाशी थांबले.

"हे कुणी केलं?"

मी सांगितलं.

"केकवर क्रीम लावलंय की," ते म्हणाले. "अक्का, तुमच्या लायब्ररीचं छप्पर गळलं तर तुम्ही पुस्तकांना डिंक लावता काय?"

आमच्याकडे साधारण तसंच करतात, असं मी म्हटल्यावर ते हसले. मग त्यांनी डावं दार उघडलं. आतला पाट पाहिला आणि त्यांचं हसू थांबलं. पाट दोन्ही हातांनी उचलून त्यांनी पायरीवर नेऊन ठेवला.

खालचं कार्पेट त्यांनी उचकटलं. त्याच्या पोटात फोमचा जाड थर असतो हे मला माहीत नव्हतं. मी रोज वरवर टिपत होते आणि खाली तो थर आठवडेच्या आठवडे पाणी धरून बसला होता. त्यांनी मूठभर दाबल्यावर पाणी मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. त्यांनी ते हुंगलं. इंजिनचं नाही, पावसाचंच आहे, म्हणाले. पाणी जिथं दिसतं तिथून ते आलेलं नसतं, हे त्यांनी मला दोनदा समजावलं. पाऊस सगळीकडे एकदम पडतो, त्यातून काही कळत नाही. एका वेळी एकाच जागी ओतायचं, खालून सुरू करून वर वर जायचं, आणि एकानं आत हातबत्ती घेऊन बसून बघायचं.

नेमका त्या दिवशी पाऊस नव्हता. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं, त्याला अजून चार दिवस होते. पन्हाळीखालच्या पिपात पावसाचं पाणी साठलं होतं, ते घ्यायचं ठरलं. आत मी बसणार होते. हातबत्ती आणायला घरात गेले, तर आईनं ती आधीच घेतली होती. साडी पोटऱ्यांपर्यंत वर धरून ती सीटवर बसली, उघड्या पत्र्यावर अनवाणी पाय टेकले.

"माझी जागा आहे," ती म्हणाली. "मी बघते."

मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

ओतायचं काम माझ्याकडे आलं. आधी दाराच्या खालची कड, एक बादली, तांब्यातांब्यानं. मग दाराची फट. मग आरशाची मुळं. दर वेळी मेस्त्री काचेवर वाकून कन्नडमध्ये विचारत, "बंतेनव्वा?" आलं का. आई आतून मान हलवायची, नाही. मग मी पुढच्या काचेवर ओतायला लागले.

काचेवरून पाणी पसरत खाली येताना तिचा चेहरा मोडून पुन्हा जुळत होता. पहिली बादली झाली. दुसऱ्या बादलीच्या वेळी माझ्या लक्षात आलं की ती खाली बघत नाहीय. तिनं मान उजवीकडे वळवली होती, चालवणाऱ्याच्या सीटकडे. तिचे ओठ हलत होते. हातबत्ती मांडीवर पडून तिच्या पदरावर उजेड पडला होता. मग तिनं तोंडाला पदर लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. सात महिन्यांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

मेस्त्रींनी विचारलं, आलं का. त्यांनी आत पाहिलं, सरळ उभे राहिले.

"ओतत राहा, अक्का," ते हळू आवाजात म्हणाले, आणि चष्मा पुसत फाटकाकडे जाऊन रस्ता बघत उभे राहिले.

मी ओतत राहिले. तीच काच, तीच जागा. किती बादल्या झाल्या मला सांगता येणार नाही. पाणी वाहत होतं तोवर ती मला आणि मी तिला नीट दिसत नव्हते, एवढंच मला कळत होतं, म्हणून मी मधे थांबत नव्हते. माझा ब्लाउज कोपरापर्यंत भिजला. वरून एक विद्यार्थी खाली आला, काय चाललंय बघितलं आणि काही न विचारता परत वर गेला. शेवटी तांब्या पिपाच्या तळाला लागून वाजला.

तेव्हा आईनं आतून काचेवर टिचकी मारली. तिनं चेहरा पुसला होता. मी दार उघडलं.

"इथनं येतंय," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. "वरनं, आतल्या बाजूनं. पायावर धार लागलीय." मग पदर सारखा करत, "मघापासनं येतंय."

मेस्त्रींनी वायपर काढले. काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी, एक लांब काळी जाळी असते, ती काढली. जाळीखाली पन्हाळीसारखी जागा होती. काचेवरचं पाणी तिथं उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकांमागं खाली पडतं, असं त्यांनी दाखवलं. डावं भोक बुजलं होतं. पाणी साठून वर चढत होतं आणि गाडीत हवा जायच्या तोंडातून आत, आईच्या पायांवर, पडत होतं.

त्यांनी दोन बोटं घालून भोकातला गाळ ओढला. वापरलेल्या चहापत्तीसारखा काळा, मूठभर. "झाडाचा कचरा," ते म्हणाले. मग दुसरी मूठ काढली. तिच्यात एक कापसाची वात होती. आणि लाल दोऱ्यानं बांधलेली दुर्वांची जुडी.

ते थांबले. हातातलं त्यांनी खाली टाकलं नाही. डाव्या हातानं मला खूण करून वर्तमानपत्र मागितलं, त्यावर तो गोळा ठेवला, मग घरातून तांब्याभर पाणी मागून हात धुतले, आणि उरलेलं सगळं सावकाश काढून त्याच कागदावर ठेवलं.

"देवर हूवु," ते मला म्हणाले. देवाची फुलं.

अप्पा रोज पूजा झाल्यावर आदल्या दिवशीचं निर्माल्य केळीच्या पानाच्या तुकड्यावर घेऊन बाहेर येत आणि फाटक उघडेपर्यंत ते गाडीच्या काचेपाशी, वायपरजवळ, ठेवत. मग ते आत घेऊन रस्त्याच्या टोकाच्या मारुतीपर्यंत गाडी नेत आणि तिथल्या पिंपळाच्या बुंध्याशी ठेवून येत. चालत पाच मिनिटांची वाट. पण गाडी रोज सुरू व्हायला निमित्त हवं, असं ते म्हणत. ते गेल्यावर पूजा आईकडे आली. ती निर्माल्य त्याच जागी आणून ठेवी. सकाळी कॉलेजला निघताना ते मला रोज दिसायचं. संध्याकाळी तिथं काही नसायचं. आई दुपारी कोणाकडून तरी पाठवत असेल, असं मी धरून चालले होते.

मेस्त्री गाडीतून उतरून पायरीवर जाऊन उभ्या राहिलेल्या आईला मोठ्यानं म्हणाले, "पानं, अव्वा. झाडाची पानं. सगळ्या गाड्यांत अडकतात."

आई खाली आली. कागदावर वाकून तिनं पाहिलं.

"झाडाच्या पानांना दोरा कोण बांधतं, मेस्त्री?"

"मला काय दिसतंय, अव्वा," ते म्हणाले. "मोतीबिंदू आहे मला."

आईला किंचित हसू आलं. मग ती माझ्याकडे वळली. "तू जाताना नेत नव्हतीस?"

"मला वाटलं तू पाठवतेस."

"मला वाटलं तू नेतेस," ती म्हणाली. "वाटेतच आहे ना पिंपळ."

सात महिने आम्ही दोघी सकाळी एकाच दारात उभ्या राहत होतो. एकीनं एकदा विचारलं असतं तरी पुरलं असतं. पण निर्माल्याचा विषय काढला की अप्पांचा निघाला असता, म्हणून दोघींनी तो काढला नव्हता. फुलं वाऱ्यानं सरकून, वाळून जाळीतून खाली जात राहिली, आणि पाऊस आला तेव्हा भोक भरलेलं होतं.

आईनं त्या कागदाची चारी टोकं जुळवली. मी नेते म्हटलं तर मान हलवली. ओल्या पायांनीच ती फाटक उघडून रस्त्याच्या टोकापर्यंत गेली. अप्पा गेल्यापासून त्या फाटकाबाहेर ती पहिल्यांदा एकटी जात होती. मेस्त्रींनी तांब्याभर पाणी त्या भोकात ओतलं. ते गटागटा आत गेलं आणि चाकामागं मातीवर पडलं. "संपलं," ते म्हणाले. फोम पूर्ण वाळवा, उघडीप असेल तेव्हा काच दोन बोटं खाली ठेवा, त्या जाळीवर काही ठेवू नका. या वेळी ते चहा घेऊन गेले.

कार्पेट आणि फोम वाळायला बारा दिवस लागले. ऊन नव्हतंच. व्हरांड्यात पंख्याखाली, खाली वर्तमानपत्रं, वर वर्तमानपत्रं, दर तीन तासांनी बदलायची. हे मात्र मला येत होतं. विद्यार्थी ते ओलांडून जिना चढायचे. कार्पेट दोनदा साबणानं धुतलं, बुरशीचा वास गेला. त्याच्याखाली काहीतरी सापडेल असं मला वाटलं होतं. अप्पांचं काहीतरी. दोन शेंगदाणे, आईची केसांची पिन आणि एक गंजलेला स्क्रू सापडला.

अण्णाला फोन करून सांगितलं की गळती थांबली. त्यालाही बरं वाटलेलं जाणवलं. ठरल्याप्रमाणे वर्षश्राद्धापर्यंत राहू दे, म्हणाला. त्या दिवशी मी ग्रंथालयात बसून उगाचच एक जुनं नोंदपुस्तक पुन्हा लिहून काढलं. माझ्या हातून काहीतरी नीट झालं होतं.

श्रावणात कार्पेट जागेवर बसवलं. त्या संध्याकाळी आई गाडीत जाऊन बसली आणि दहा मिनिटांत परत आली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी पाच वाजले तेव्हा ती शेंगा सोलत बसली होती. मला वाटलं विसरली असेल. चौथ्या, पाचव्या दिवशी ती गेली नाही. मग दोन दिवस झोडपून पाऊस झाला. मी दार उघडून कार्पेटवर तळहात फिरवून पाहिला, ते अगदी कोरडं होतं. आत येऊन मी ते तिला सांगितलं, परीक्षेत पास झाल्याचं सांगावं तसं.

"हो की," ती म्हणाली. पण उठली नाही.

आठवडा गेला. मग एका संध्याकाळी मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि विचारलं, "गाडीत का जात नाहीस आता?"

तिनं हातातली शेंग सोलून संपवली.

"दवाखान्यात तीन दिवस मला आत सोडलं नाही ग," ती म्हणाली. "काचेतनं बघा म्हणायचे. दोन मिनिटं झाली की उठा म्हणायचे. हे काही बोलत होते की नाही तेही कळलं नाही." तिचा आवाज भाजीबद्दल बोलताना असतो तसाच होता. "आधी मी गाडीत नुसती बसत होते. मग पाणी यायला लागलं. मला वाटलं, हिला काहीतरी झालंय, आता जवळ बसायला पाहिजे. पाय गार पडायचे. पण कोणी उठा म्हणत नव्हतं." दुसरी शेंग उचलत ती म्हणाली, "आता बरी झाली ना ती. बरं झालेल्यापाशी किती बसायचं?"

इतके दिवस मी तेच पाणी काढत होते. मी म्हणाले, मला माहीत नव्हतं.

"मला तरी कुठं माहीत होतं," ती म्हणाली. आणि मग, "अण्णाला सांग, येशील तेव्हा घेऊन जा."

मी वर्षश्राद्धापर्यंतच्या बोलीची आठवण करून दिली. अजून तीन महिने आहेत, तोवर राहू दे, म्हटलं. मी इतका आग्रह करत होते की तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं, आणि शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. आम्ही दोघी सोलत बसलो.

अण्णा गणपतीच्या आदल्या दिवशी आला, तीन दिवस राहिला. नवी बॅटरी घातली. जायच्या सकाळी त्यानं गाडी सुरू केली तेव्हा आई देवघरात होती. बाहेर आली नाही. मी डाव्या खिडकीशी उभी होते. काच दोन बोटं खाली ठेवायची, मी त्याला सांगितलं. वायपरपाशी काही ठेवायचं नाही. फोम पुन्हा ओला झाला तर उन्हात टाकायचा नाही, पंख्याखाली ठेवायचा. झाडाखाली लावू नकोस. ज्याला देशील त्यालाही हे सगळं सांग.

"तीनदा सांगितलंस," अण्णा म्हणाला. "लिहून दे हवं तर."

मी आत जाऊन कागद आणला आणि गाडीच्या टपावर ठेवून लिहायला लागले. पहिली ओळ लिहिली आणि पुढचं दिसेना. अण्णानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरून माझ्या हातातलं पेन घेतलं.

"सांग तू," तो म्हणाला. "मी लिहितो."